कासव महोत्सव संपल्यावरचं काम : कोकण किनाऱ्यावरचे एप्रिल-मे

सुरूबन
२० एप्रिल, रात्री १०:४२

दर वर्षी जानेवारी संपत आला की इथे एक तरी धागा निघतोच. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या कासव महोत्सवाला कधी जावं, समुद्री कासवांची पिल्लं समुद्रात जाताना नक्की दिसतील का, राहायची सोय कुठे? त्यावर जुन्या धाग्यांत भरपूर लिहून झालंय. मला त्याच्या पुढचं लिहायचंय. परीक्षा संपतात, आंबा सुरू होतो, पाहुण्यांचा मोर्चा कासवांकडून आमरसाकडे वळतो. पण किनाऱ्यावर घरटी असतातच. मार्चमध्ये घातलेली अंडी मेमध्ये फुटतात आणि तेव्हा बघायला कोणी नसतं.

मी दापोली तालुक्यातल्या एका किनाऱ्यावरच्या गावचा. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. इथल्या कासवमित्रांशी, म्हणजे घरटी राखणाऱ्या गावकऱ्यांशी, माझं रोजचं उठणं-बसणं आहे आणि खाली थोड्या तक्रारीही आहेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्याकडे येतं ते मुख्यतः ऑलिव्ह रिडले जातीचं कासव. ओडिशात गहिरमाथा आणि ऋषिकुल्या इथे ती हजारो-लाखोंच्या संख्येनं एकदम येतात. आपल्याकडे तसं नाही. एकेकटी मादी रात्री वर येते, भरतीरेषेच्या वरची कोरडी वाळू बघते, मागच्या वल्ह्यांसारख्या पायांनी साधारण दीड फूट खोल, वर अरुंद आणि खाली फुगीर असा खड्डा करते. त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटते, अंगाचा भार देऊन दाबते आणि निघून जाते. परत वळून बघत नाही. एकेकाळी ही अंडी गावोगाव सर्रास काढली जायची, खायला आणि विकायलाही. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ मध्ये वेळासला संरक्षण सुरू केलं, २००६ पासून महोत्सव सुरू झाला, आणि मग वन विभागाच्या मदतीनं ते लोण रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत पसरलं. अंडी चोरणाऱ्या हातांनाच राखणीचं काम मिळालं, हे या सगळ्यातलं मोठं यश. ते मी नाकारत नाही.

पण महोत्सवात दिसतं ते शेवटचं पान. घरट्यावर झाकलेली टोपली उचलली, पिल्लं बाहेर, दोरीच्या मागे शंभर मोबाईल. त्याआधीचं काम असं : पहाटे चारच्या सुमाराला निघायचं, पुळणीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायचं, मादीच्या वल्ह्यांचा माग शोधायचा. मागाच्या टोकाला वाळू विस्कटलेली असते, पण अंडी नेमकी कुठे ते काठीनं अलगद टोचून शोधावं लागतं. जिथे काठी सहज आत जाते तिथे थांबायचं आणि पुढे हातानं उकरायचं. अंडी टेबल टेनिसच्या चेंडूएवढी, पांढरी, कवच चामड्यासारखं मऊ, वर चिकट ओलसरपणा. एकेक उचलायचं आणि जसं होतं तसंच बादलीत ठेवायचं, फिरवायचं नाही. घातल्यानंतर काही तासांत आतला गर्भ वरच्या बाजूला कवचाला चिकटतो. त्यानंतर अंडं उलटंपालटं झालं की तो मेला. म्हणून सगळी धावपळ सूर्य वर यायच्या आत. मग कुंपणाच्या आत तेवढ्याच खोलीचा, तशाच आकाराचा खड्डा, खाली मूळ घरट्यातली ओली वाळू, वर पाटी : तारीख, अंडी किती, कुठे सापडली.

पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्लं. सगळी बाहेर पडली की काही दिवसांनी घरटं उकरून मोजणी. फुटलेली कवचं किती, न फुटलेली किती, आत मेलेली किती. हे काम मला सगळ्यांत जास्त शिकवतं. गेल्या मेमधल्या एका घरट्यात मर्यादवेलीची मुळं अंड्यांच्या मधून गेली होती आणि दोन पिल्लं त्या मुळांच्या जाळीत मान अडकून सुकली होती. फोटो आहे, टाकत नाही.

माझा मुद्दा एवढाच. कुंपणाच्या आत आपण उत्तम काम करतो. कुंपणाच्या बाहेरचा किनारा मात्र हातातून चाललाय : दिवे, गाड्या, कुत्री, बंधारे. पिल्लं कितीही सोडली तरी पंधरा-वीस वर्षांनी त्यांतली मादी परत येईल तेव्हा तिला वर चढायला वाळू लागेल. मंडळींनी आपापल्या किनाऱ्याचं लिहावं.

---

खाडीपल्याड
२० एप्रिल, रात्री ११:१५

वाचनखूण साठवली आहे. सविस्तर उद्या.

---

खमंग
२१ एप्रिल, सकाळी ९:०३

माहितीपूर्ण लेख. एक बाळबोध प्रश्न : अंडी हलवायचीच कशाला? कोट्यवधी वर्षं कासवं अंडी घालत आलीत, तेव्हा कुठे होत्या टोपल्या? आहे तिथेच राखण केली तर?

---

सुरूबन
२१ एप्रिल, दुपारी १:३०

प्रश्न बाळबोध मुळीच नाही, जाणकारही यावर हिरिरीनं भांडतात. इथे कारणं व्यवहाराची आहेत. किनारा पाच किलोमीटरचा आणि माणसं दोन. भटकी कुत्री एका रात्रीत घरटं फस्त करतात, कोल्हे, घोरपडी आणि रानडुकरं वेगळीच. काही माद्या भरतीरेषेच्या इतक्या जवळ अंडी घालतात की उधाणाला ती जाणारच. अशी घरटी हलवण्याला पर्याय नाही. बाकीच्यांबद्दल निवटी लिहितील असं वाटतंय, ते वाचत असतीलच. :)

---

निवटी
२१ एप्रिल, रात्री ९:४८

वाचतोय. हाक मारलीच आहे तर लिहितो, जरा लांबेल.

हॅचरी, म्हणजे अंडी हलवून कुंपणात उबवणं, हा शेवटचा उपाय आहे, पहिला नाही. कासवाच्या पिल्लाचं लिंग गुणसूत्रांवर ठरत नाही, उबवणीच्या मधल्या काळात वाळू किती तापलेली आहे त्यावर ठरतं. ऑलिव्ह रिडलेच्या बाबतीत साधारण २९ अंश सेल्सिअसच्या आसपास नर-मादी निम्मे-निम्मे. त्याखाली नर वाढतात, वर माद्या. पस्तिशीच्या वर वाळू जास्त काळ राहिली की पिल्लंच मरायला लागतात. नैसर्गिक किनाऱ्यावर एक घरटं उघड्यावर, एक केवड्याच्या कडेला सावलीत, एक भरतीच्या ओलाव्याजवळ. त्यामुळे तापमानाची विविधता आपोआप मिळते. हॅचरीत सगळी अंडी एका चौकोनात, एकाच उन्हात. जानेवारीतली घरटी थंडीमुळे निभावतात, पण मार्च-एप्रिलमधल्यांना हाच चौकोन भट्टी होतो. सगळ्या माद्याच निपजल्या तर पुढे काय, हा प्रश्न जगभर विचारला जातोय.

म्हणून उशिराच्या घरट्यांसाठी सावलीची जाळी लावा, संध्याकाळी वाळूवर थोडं पाणी शिंपडा (ओतू नका, अंडी गुदमरतात), आणि शक्य असेल तिथे तापमान नोंदवणारं छोटं यंत्र घरट्याशेजारी पुरा. जागा दर वर्षी बदला. त्याच वाळूत वर्षानुवर्षं अंडी पुरली की जुन्या कवचांमुळे बुरशी आणि किडे वाढतात. आणि जी घरटी सुरक्षित जागी आहेत त्यांच्यावर नुसती जाळी टाका आणि राखण करा.

दुसरं, थोडं कडू आहे. काही ठिकाणी पिल्लं पहाटे दोनला वर येतात आणि 'पाहुणे सातला येतील' म्हणून टोपलीखाली राहतात. पिल्लाच्या पोटात पिवळ्या बलकाचा थोडा साठा शिल्लक असतो. त्यावरच त्याला पहिला दिवसभर न थांबता पोहायचं असतं, किनाऱ्यापासून जितकं लांब जाता येईल तितकं. टोपलीखाली धडपडण्यात तो साठा संपतो. रात्री दोनला आली तर दोनला सोडा. फोटो नाही मिळाला तर नाही मिळाला.

---

कुरवंडी
२१ एप्रिल, रात्री १०:२०

निवटीभाऊ, शेवटच्या परिच्छेदाला +१००. आणि पिल्लं वाळूवरून स्वतः चालत जाऊ द्यावीत, उचलून लाटेत ठेवू नयेत, हेही जोडा. मागच्या वर्षी एक आजोबा नातवाच्या हातावर पिल्लू ठेवून फोटो काढत होते. हटकलं तर म्हणाले, "आम्ही पैसे भरून आलोय." मी म्हटलं काका, ही जात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंक्तीत. वाघाचा बछडा घेतला असतात का हातात? मग ठेवलं खाली.

---

मालवणी झील
२२ एप्रिल, सकाळी ७:५५

सगळे ते वेळास-आंजर्लाच घेऊन बसलेत. आमच्या वेंगुर्ल्याक या की मगे! वायंगणी, शिरोडा, हंय पण कासवां येतत. गर्दी नाय, दोरी नाय, धक्काबुक्की नाय. आणि वेंगुर्ल्याच्या समोर खडकाची बेटां आसत, थंय गुहांनी पाकोळ्यांची घरटी आसत. एकेकाळी लोक ती घरटी चोरून न्हेत, लाळेची म्हणान लय भाव. उन्हाळ्यात त्यांची वीण. पण थंय जावचा नाय हां, लांबसूनच बघूचा.

---

सुरूबन
२२ एप्रिल, सकाळी ८:४०

झिला, येतो. आणि तुझा शेवटचा इशारा सगळ्यांनी वाचावा. पाकोळी घरट्यावर असताना गुहेत माणूस शिरला की घबराटीत अंडी-पिल्लं खाली पडतात.

---

चारचाकी
२२ एप्रिल, दुपारी ४:१०

लेख चांगला आहे पण धागाकर्त्यांनी गाड्यांना सरसकट गुन्हेगार ठरवलंय. आम्ही मित्र दर मेमध्ये कोकणात येतो, गाडी पुळणीवर घेतो, ओल्या वाळूवरून एक फेरी मारतो, कचरा करत नाही. स्थानिकांना चार पैसे मिळतात. ओल्या वाळूत तर अंडी नसतातच ना?

---

सुरूबन
२२ एप्रिल, रात्री ८:२५

चारचाकी, ओल्या वाळूत अंडी नसतात, बरोबर. पण गाडी ओल्या वाळूपर्यंत पोचते कशी? कोरड्या पट्ट्यावरूनच ना? त्या पट्ट्यात न सापडलेली घरटी असतात, कारण आम्हालाही सगळी सापडत नाहीत. वरून चाकं गेली की वाळू दाबली जाते आणि पिल्लांना वर यायला जमत नाही. शिवाय चाकाची चाकोरी. पिल्लू जेमतेम दीड-दोन इंचाचं, त्याला ती चाकोरी म्हणजे खंदक. आत पडलं की चाकोरीतूनच चालत राहतं, समुद्र बाजूलाच असला तरी. सकाळी ती कावळ्यांच्या आणि घारींच्या तोंडी. हे मी डोळ्यांनी बघितलंय, मागच्याच मेमध्ये. चाकोरीच्या टोकाशी एक पिल्लू जिवंत होतं, बाकीच्यांच्या नुसत्या ढाली.

चार पैसे मिळतात ते तुम्ही राहता आणि जेवता त्याचे. गाडी वाळूत रुतली की ट्रॅक्टरवाल्याला मिळतात तेवढे सोडून.

---

खमंग
२२ एप्रिल, रात्री ८:५१

ट्रॅक्टरवाला हा किनाऱ्यावरचा सगळ्यांत तेजीतला धंदा आहे, याला मी साक्षीदार.

---

चारचाकी
२२ एप्रिल, रात्री ९:३०

चाकोरीचं खरंच माहीत नव्हतं. ग्रुपवर टाकतो.

---

डोलकर
२३ एप्रिल, रात्री ११:०५

आमच्या घरात तीन पिढ्या मासेमारी. नेहमी वाटतं की कासवांच्या धाग्यांवर आम्हाला खलनायक करतात, इथे अजून केलेलं नाही म्हणून लिहितो.

जाळ्यात कासव येतं, हे खरं. त्याला श्वासासाठी वर यावं लागतं, ट्रॉलचं जाळं पाण्याखाली तासन् तास ओढलं की ते आत गुदमरतं. उपाय आहे, टेड म्हणजे जाळ्याच्या गळ्यात बसवायची जाळीची चौकट आणि वर सुटकेचं दार. कोळंबी मागे जाते, कासव दारातून बाहेर. तांडेल (होडीचे म्होरके) लोकांचं म्हणणं की त्यातून म्हावरंही निसटतं, म्हणून बसवायला कोणी राजी नसतं. पण अमेरिकेनं २०१९ मध्ये याच कारणावरून आपल्या समुद्रातली कोळंबी घेणं बंद केलं, तेव्हापासून टेडचा विषय आमच्या बंदरावरच्या गप्पांतही आला.

छोट्या होड्यांचं वेगळं आहे. आमच्या जाळ्यात आलेलं कासव बहुतेकदा जिवंत असतं, पण जाळं कापल्याशिवाय सुटत नाही. जाळ्याची किंमत कोण देणार? म्हणून डिसेंबर २०१८ पासून राज्य शासन भरपाई देतं. संरक्षित प्राणी जाळं कापून सोडला तर जास्तीत जास्त २५,००० रुपये. फोटो किंवा व्हिडिओ लागतो. रात्री, हेलकावणाऱ्या होडीत, एका हातात सुरी आणि दुसऱ्यात मोबाईल, हे कसं करायचं ते आता आमच्या पोरांना जमायला लागलंय. व्हेल शार्कपण याच योजनेत सुटलेत.

आणि किनाऱ्यावर आलेली तुटकी जाळी म्हणाल, तर १ जूनला मासेमारीची बंदी लागते तेव्हा होड्या वर ओढल्या जातात, जाळी दुरुस्त होतात आणि निकामी तुकडे तिथेच पडतात. पहिल्या मोठ्या पावसात ते परत समुद्रात. हे आम्ही थांबवू शकतो, पण तुकडे टाकायला जागा कुठे हे ग्रामपंचायतींनी सांगायला हवं.

---

निवटी
२३ एप्रिल, रात्री ११:४०

डोलकर, या धाग्यातला सगळ्यांत मोलाचा प्रतिसाद. जाळी गोळा करायची एक जागा आणि मेअखेरची एक उचल, एवढ्यानं बरंच होईल.

---

कुरवंडी
२४ एप्रिल, सकाळी १०:१२

सगळे कासवांवर, म्हणून मी पक्ष्यांवर. किनाऱ्यावरचा उन्हाळा म्हणजे परतीच्या प्रवासाची तयारी. हिवाळ्यात करडे-मळकट दिसणारे चिखले आणि तुताऱ्या हे छोटे किनारी पक्षी एप्रिलमध्ये रंग बदलतात. छोट्या वाळू-चिखल्याच्या छातीवर विटकरी पट्टा येतो, काही तुताऱ्यांचं पोट तांबडं होतं. तपकिरी डोक्याच्या कुरवांचं डोकं खरोखर तपकिरी दिसतं ते याच दिवसांत, हिवाळाभर नुसता कानामागे ठिपका. हे पक्षी हिमालयापलीकडे, काही तर सायबेरियापर्यंत जायचे असतात आणि त्यासाठी चरबी साठवत असतात. ओहोटीचे काही तास हाच त्यांचा जेवणाचा वेळ. अशात कोणी थव्यामागे कुत्रं सोडतं किंवा 'उडतानाचा व्हिडिओ' म्हणून पोरं धावतात. दर वेळी उडाले की साठवलेली चरबी खर्च. खाडीच्या मुखाशी थवा बसलेला असेल तर वळसा घालून जावं, एवढंच.

आणि समुद्री गरुड! आपल्याकडे काकण म्हणतात. पांढरं पोट, करडे पंख, किनाऱ्यालगतच्या उंच झाडावर काटक्यांचं मोठं घरटं, वर्षानुवर्षं तेच वापरतात आणि भर घालत जातात. घरट्याखाली समुद्रसापांचे सांगाडे सापडतात. हंगाम थंडीतला, पण नवी पिल्लं एप्रिलमध्ये किनाऱ्यावर उडायला शिकताना दिसतात. जुनं झाड तोडलं की जोडी ती जागाच सोडते, म्हणून गावात असं झाड असेल तर ग्रामसभेत नोंद करून घ्या.

---

खाडीपल्याड
२४ एप्रिल, संध्याकाळी ७:०२

म्हटल्याप्रमाणे सविस्तर. माझा मुद्दा दिव्यांचा. वाळूतून बाहेर आलेलं पिल्लू सर्वांत उजळ क्षितिजाकडे जातं. निसर्गात ते क्षितिज म्हणजे समुद्र. आमच्या किनाऱ्यावर आता ते क्षितिज म्हणजे एका रिसॉर्टचे पांढरे फ्लडलाईट. मादीही उजेड बघून अर्ध्यातून परत फिरते, असे अर्धवट माग आमच्याकडे वाढलेत. मालकाशी बोललो. म्हणाले, "पाहुण्यांना समुद्र दिसायला हवा." रात्री काळोखात समुद्र दाखवायला दिवा!

२०१९ च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेत कासवांच्या विणीच्या जागा सीआरझेड एक-अ मध्ये, म्हणजे सर्वांत संवेदनशील वर्गात आहेत. कागद भक्कम आहे. पण गावात भांडायला कागद पुरत नाही, शेजार असतो. शेवटी तोडगा निघाला तो असा : दिवे खाली वळवले, समुद्राच्या बाजूला झापांचा आडोसा केला, आणि जानेवारी ते मे रात्री दहानंतर बंद. पिवळे-तांबूस बल्ब पांढऱ्यांपेक्षा बरे, तेही बदलतोय म्हणालेत.

बंधाऱ्याचं मात्र काही करता आलं नाही. धूप थांबावी म्हणून दगडांचा बंधारा घातला आणि तेवढ्या पट्ट्यात मादीला वर चढायला जागाच उरली नाही. तिथे लाट दगडावर आपटून वाळू अजूनच खेचते. २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात सुरूची झाडं आडवी झाली, तेव्हापासून घाबरलेली माणसं दगडच मागतात. मी त्यांना दोष देत नाही, घरात पाणी शिरलेलं मीही बघितलंय. पण केवडा आणि मर्यादवेल असलेल्या वाळूच्या टेकाडांनी जिथे तग धरला तिथे धूप कमी झाली, हेही बघितलंय.

---

सुरूबन
२४ एप्रिल, रात्री ९:१५

खाडीपल्याड, झापांचा आडोसा ही कल्पना चोरतोय.

सुरूबद्दल एक वाक्य : नाव मीच लावून बसलोय, पण सुरूची रांग पार भरतीरेषेपर्यंत लावली की मुळांमुळे वाळू खणता येत नाही. मागे असावी, पुढे नको.

---

खमंग
२५ एप्रिल, सकाळी ११:२०

एक उत्सुकता. इथून गेलेली कासवं पुढे कुठे जातात? काही कळलंय का?

---

निवटी
२५ एप्रिल, दुपारी २:०५

कळायला लागलंय. २०२२ च्या जानेवारी-फेब्रुवारीत वेळास, आंजर्ले आणि गुहागरला पाच माद्यांना उपग्रह टॅग लावले, भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरचे पहिलेच. वेळासची पहिली, म्हणून तिचं नाव प्रथमा. कांदळवन प्रतिष्ठान आणि भारतीय वन्यजीव संस्थेचा प्रकल्प. पुढच्या वर्षी गुहागरहून बागेश्री आणि गुहा. त्यातली बागेश्री दक्षिणेला उतरली, श्रीलंकेला वळसा घालून थेट बंगालच्या उपसागरात.

उलटा पुरावा तर आणखी भारी. २०२१ मध्ये ओडिशात वल्ह्याला बिल्ला लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या वाळूवर अंडी घालताना सापडली. बिल्ल्याचा क्रमांक ०३२३३. अंतर सुमारे साडेतीन हजार किलोमीटर. पूर्व किनाऱ्याची आणि पश्चिम किनाऱ्याची कासवं पूर्ण वेगळी, असं धरून चालायचं कारण आता राहिलेलं नाही. म्हणूनच रात्री माग काढताना मादी दिसली तर वल्ह्यांवर बिल्ला आहे का तेवढं बघावं. अंडी घालून झाल्यावर, मागून, फ्लॅश न मारता.

---

चारचाकी
२६ एप्रिल, रात्री १०:००

मे अखेरीला आम्ही येतोय, गाडी रस्त्यावरच ठेवू. आम्हाला काही काम देता येईल का? पाच जण आहोत.

---

सुरूबन
२६ एप्रिल, रात्री १०:३४

जरूर. त्या सुमाराला शेवटची घरटी उकरून मोजायची असतात, त्यात एकानं बसून नोंद लिहायची असते, हे काम कोणालाच आवडत नाही. दुसरं, डोलकर म्हणाले ती तुटकी जाळी. वाळूत अर्धी पुरलेली असतात, ओढून निघत नाहीत, कापावी लागतात. कोयता इथे मिळेल, हातमोजे घेऊन या. वळवाच्या आसपास डांबराचे गोळेही लागतात किनाऱ्याला, चपला जुन्या घाला, ते निघत नाही (खोबरेल तेलानं निघतं थोडंफार). पहाटे चालायला येणार असाल तर टॉर्चवर लाल जिलेटिन पेपर लावा. राहायचं गावातच, जेवण साधं असेल.

---

डोलकर
२६ एप्रिल, रात्री ११:१०

जाळी आमच्या बंदरावर आणून टाका, मी दोन पोती भरून ठेवलीत. टेम्पोचं बघतो.

---

चारचाकी
२७ एप्रिल, सकाळी ८:१५

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, तारखा त्यात आहेत.